पदवी प्रकल्पातील कपडा आणि त्याचे छायाचित्र : या चुका टाळा

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प मी बरीच वर्षे जवळून पाहत आले आहे. त्यांत एक गोष्ट हटकून आढळते : कपड्यावर चार महिने जातात आणि छायाचित्रणासाठी शेवटचा एक दिवस उरतो. मग पोर्टफोलिओच्या पानावर एखादा दोष दिसला, तर तो कॅमेऱ्याचा आहे की कात्रीचा हेच विद्यार्थ्याला उमगत नाही, आणि संगणकावर रंग व उजेड मागेपुढे करण्यात रात्र जाते. मांजरपाटावर पहिला नमुना शिवला जातो, त्याच दिवशी त्याचे समोरून, बाजूने आणि पाठीमागून साधे फोटो काढून ठेवले, तर पुढच्या चुकांपैकी निम्म्या तरी वेळेत लक्षात येतात. आरशात पाहताना आपण नकळत सावरून उभे राहतो. फोटोत मात्र खांद्याची ओढ आणि काखेतली चुणी जशीच्या तशी दिसते.

कापड अंथरण्यापूर्वी

हल्ली खणाच्या कापडाला विद्यार्थ्यांची मोठी पसंती आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे या कापडाचे जुने केंद्र. ते चोळीसाठी विणले जात आले, म्हणून त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद असतो. विद्यार्थी मात्र ४४ इंची पन्हा गृहीत धरून घेरदार झगा कागदावर काढतात, कापड टेबलावर अंथरतात, आणि मग लक्षात येते की कळी (घेरासाठी खाली रुंद होत जाणारा तुकडा) बसतच नाही. अशा वेळी घाईने मध्येच दिलेला जोड फोटोत चटकन नजरेत भरतो. पारंपरिक चोळी लहान तुकडे जोडूनच बेतलेली असते, हे ध्यानात ठेवून जोडाची रेघ सुरुवातीपासून आरेखनातच धरली, तर तीच रेघ कपड्याची शोभा ठरते. म्हणून आधी पन्हा मोजावा आणि मगच कपडा आखावा.

हातमागाचे सुती कापड न धुता कापणे ही दुसरी नेहमीची चूक. १० इंचांचा चौकोन कापून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. तो साडेनऊ इंच भरला, तर कापड पाच टक्के आटते हे कळते आणि ४० इंचांच्या उंचीत दोन इंचांचा फरक पडणार हेही आधीच समजते. धुण्याने खळही निघून जाते, आणि कापडाचा खरा पडाव, म्हणजे ते अंगावर कसे सुटते, तेव्हाच दिसतो.

एक बाजू लोंबते, एक पाकळी काळपट दिसते

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मलमलचा उरेब, म्हणजे विणीला तिरपा, कापलेला लांब घागरा फार निगुतीने शिवला होता. संध्याकाळी शिवण संपली, लगेच खालची दुमड घातली आणि सकाळी शूटला निघाली. फोटोत घागऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास दीड इंच खाली आलेली दिसत होती. तिला वाटले, मॉडेल वाकडी उभी राहिली असावी. प्रत्यक्षात तो उरेब कापडाचा स्वभाव होता. अशा कापडात ताणा (उभे धागे) किंवा बाणा (आडवे धागे) कोणीच वजन सरळ पेलत नाही. विणीतले चौकोन हळूहळू तिरपे होत शंकरपाळ्याच्या आकाराचे होतात आणि कापड खाली उतरत राहते. कपडा किमान एक दिवस टांगून ठेवावा, मग अंगावर चढवून जमिनीपासून पट्टीने उंची मोजत खडूने गोल खूण करावी आणि त्यानंतरच दुमड घालावी. दुमड आधीच घातली असेल, तर ती उसवून हेच पुन्हा करता येते, मात्र खाली पुरेशी माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असायला हवी.

मखमलीचा दोष याहून अवघड आहे, कारण तो कापल्यावर दुरुस्त होत नाही. मखमलीची लव एकाच दिशेला झुकलेली असते. कापड वाचवण्यासाठी एक पाकळी, म्हणजे कपड्याचा एक तुकडा, उलटी ठेवून कापली, तर साध्या उजेडात फरक जाणवत नाही, पण बाजूने दिवा लावला की ती पाकळी वेगळ्याच कापडाची वाटते. प्रत्येक कागदी पॅटर्नवर लवेच्या दिशेचा बाण काढून ठेवणे आणि त्या हिशेबाने थोडे जास्त कापड घेणे, एवढाच त्यावर उपाय.

रंग जुळत नाही, तेव्हा

सर्वाधिक तक्रारी रंगाच्या असतात. वर्गात ट्यूबलाइट चालू, शेजारी खिडकी उघडी, आणि कपड्याची एक बाजू निळसर तर दुसरी पिवळसर किंवा हिरवट. दोन प्रकारचे उजेड एकाच चौकटीत असले, तर संगणकावर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. खोलीतले सगळे दिवे बंद करावेत आणि फक्त खिडकीच्या उजेडात काम करावे. पहिल्या फोटोत मॉडेलच्या हाती करडे कार्ड द्यावे आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग खरे येण्यासाठीची कॅमेऱ्यातली जुळणी, त्यावरून ठरवावा. तो स्वयंचलित ठेवला, तर लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीवर एकच साडी दोन रंगांची येऊ शकते. दिव्यांवरच काम करावे लागले आणि फोटोत आडवे पट्टे आले, तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवून पाहावा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

पांढरी मलमल फोटोत मळकी आणि काळा रेशमी कपडा राखाडी येतो, तेव्हा दोष कापडाचा नसतो. कॅमेरा समोरचे सगळे सरासरी करड्या छटेकडे ओढतो. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, साधारण एक स्टॉप (दुप्पट) वाढवावे, काळ्यासाठी एक स्टॉप (निम्मे) कमी करावे.

धूपछाव कापडाचे मात्र वेगळेच. ताणा जांभळा आणि बाणा हिरवा असला, तर रंग घडीघडीला पालटतो, आणि तेच त्या विणीचे सौंदर्य आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की दोन्ही रंग मिसळून मातकट दिसतात. उजेड एका बाजूने येऊ द्यावा, पदर सपाट ताणून न धरता त्याला घड्या पडू द्याव्यात, आणि मॉडेलला सावकाश वळायला सांगून एकापाठोपाठ फोटो घ्यावेत. जरीची तार घासलेल्या स्टीलच्या वाटीसारखी वागते, म्हणजे तिच्या समोर जे असेल ते ती दाखवते. तिच्यासमोर लहान, तीव्र दिवा असला तर पांढरा डाग येतो, आणि खिडकीवर ताणलेली पांढरी चादर असली तर काठावरची वेलबुट्टी स्पष्ट दिसते.

बारीक चौकडीवर किंवा दाट विणीवर लाटांसारख्या रंगीत रेघा उमटतात. विणीची आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकल्याने हे होते. दोन पावले मागेपुढे व्हावे किंवा कोन किंचित बदलावा. रेघा खरोखर फाइलमध्ये आहेत का, हे आधी फोटो १०० टक्के मोठा करून तपासावे. पुष्कळदा त्या पडद्यावर लहान केलेल्या चित्रापुरत्याच असतात.

मोबाइलने पूर्ण उंचीचा फोटो जवळून काढला, तर पाय आखूड आणि डोके मोठे दिसते आणि कपड्याचे प्रमाणच बिघडते. लांब जाऊन दुप्पट झूम वापरावा आणि कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर धरावा. पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण तो झालर आणि सुटे धागे पार्श्वभूमीसोबत पुसून टाकतो.

पाठीमागे चिमटे लावून फोटोत मापात बसवलेला कपडा मला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मान्य नाही. जाहिरातीत ते चालते. इथे तुमच्या बेतण्याचीच परीक्षा असते, आणि तोच कपडा परीक्षकांसमोर अंगावर येतो तेव्हा खांदे उतरलेले असतात.

शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड आणि दिवे घेऊन जायचे असेल, तर आधी परवानगी काढावी. दारातून परत यावे लागले, तर सकाळचा उजेड वाया जातो. नाव देतानाही जपावे. मोर छापलेल्या पॉलिस्टरला पैठणी म्हणू नये. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, येवल्यात आणि पैठणमध्ये एकेक मोर धागा धागा गुंतवून विणणाऱ्यांचे श्रम त्या नावात आहेत. कापड ज्या विणकराकडून घेतले, त्याचे नाव त्याला विचारून मॉडेलच्या नावाशेजारी द्यावे.

छपाईसाठी ए३ आकाराच्या पानाला इंचामागे ३०० पिक्सेलच्या हिशेबाने सुमारे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तिथे फुटतो, म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी. सगळा पोर्टफोलिओ छापण्यापूर्वी एकच पान छापून घ्यावे, ते आणि कापडाचा तुकडा दिवसाच्या उजेडात खिडकीशी शेजारी शेजारी धरावे. रंग तरीही जुळला नाही, आणि धूपछाव कापडाचा तो बहुधा जुळत नाहीच, तर तो तुकडा फोटोच्या शेजारी फक्त वरच्या कडेने टाचावा, म्हणजे पाहणाऱ्याला तो बोटाने उचलून उजेडात फिरवता येईल.