विश्वामित्रीच्या पुरापासून घर कसे राखावे

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. नदीची 'धोका पातळी' ओलांडल्याची बातमी आली, तरी तो आकडा पुलाजवळच्या मोजपट्टीवरचा असतो, आपल्या अंगणातल्या पाण्याची खोली नव्हे, हे आधी समजून घ्यावे. वरच्या अंगाच्या आजवा जलाशयातून सोडलेल्या पाण्याचा 'विसर्ग' क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट, असा सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.

घरासाठी खरा उपयोगी आकडा एकच: मागच्या पुराची भिंतीवरची खूण. ती जोत्यापासून मोजून ठेवावी आणि मीटर, इन्व्हर्टर, विजेची बटणे तिच्याहून किमान फूटभर उंच बसवून घ्यावीत. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत हे काम मुळीच टाळू नये.

पाणी दारातूनच येते असे नाही. ते बहुधा आधी शौचालयातून आणि मोरीतून उलटे वर येते, म्हणून ड्रेनेजच्या मुख्य नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. दारात वाळूची पोती विटांसारखी सांधे मोडून रचावीत आणि बाहेरच्या बाजूने प्लास्टिक लावावे. मात्र बाहेरचे पाणी तीन फुटांवर गेल्यास ते अडवू नये, कारण त्या दाबाने भिंत कोसळू शकते.

पूर ओसरल्यावर तळघर एकदम उपसू नये. मातीतले पाणी बाहेरून रेटत असते. रोज थोडे थोडे काढावे. विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा साचलेल्या पाण्यात कोणीही उतरू नये.