हर्शस्प्रुंग आजार: शस्त्रक्रियेआधी आणि नंतर पालकांनी काय करावे

पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता बालशल्यचिकित्सकांना गाठावे. साधारण पाच हजारांत एका बाळाला होणाऱ्या हर्शस्प्रुंग आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गँग्लियन नावाच्या चेतापेशी (मज्जातंतूंच्या पेशी) जन्मतःच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि मल व वायू त्याच्या वर साचत राहतात. एक्स-रेत फुगलेले दिसणारे आतडे बहुधा निरोगी असते. सदोष असतो तो खालचा, दिसायला साधासा भाग. निदानावर शिक्कामोर्तब मात्र गुदाशयाच्या बायोप्सीनेच, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावरच, होते.

शस्त्रक्रियेपर्यंत आतडे रिकामे ठेवणे हे खरे काम, आणि ते घरीही करावे लागू शकते. परिचारिकेसमोर हात बसल्यावरच मऊ नळीला जेली लावून ती हलकेच आत सरकवावी, अर्भकाला एका वेळी १० ते २० मिलि कोमट सलाइन सोडावे, ते नळीतूनच परत येऊ द्यावे आणि स्वच्छ द्रव येईपर्यंत हे पुन्हा करावे. आत गेलेले सलाइन बाहेर येत नसेल तर थांबून डॉक्टरांना कळवावे. साधे पाणी कदापि वापरू नये. ते शोषले गेल्यास रक्तातील सोडियम धोकादायक उतरते.

शल्यचिकित्सक स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले तत्त्व आजही तेच आहे: सदोष भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडणे. शस्त्रक्रिया चालू असतानाच आतड्याचा तुकडा तपासून पेशी कुठपासून आहेत हे ठरवतात. आतडे फारच फुगलेले असल्यास किंवा बाळ गंभीर असल्यास आधी पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर येण्यासाठी आतड्याचे तोंड, काढतात. त्याला अपयश समजू नये.

आतडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा पातळ शी होते आणि कातडी सोलवटते, म्हणून पहिल्या दिवसापासून झिंक ऑक्साइडचा जाड थर लावावा. सर्जनने सांगेपर्यंत गुदद्वारातून थर्मामीटरसुद्धा घालू नये.

शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही आतड्याचा दाह उद्भवू शकतो. ताप, फुगलेले पोट, जोरात सुटणारी दुर्गंधीयुक्त पातळ शी आणि मलूलपणा दिसताच जुलाब थांबवणारे औषध न देता, शस्त्रक्रियेचे कागद घेऊन, रात्र असली तरी रुग्णालयात जावे.