जुन्या बालनटाची कारकीर्द कशी जुळवावी

संगीत नाटकांच्या किंवा मूकपटांच्या काळातल्या बालनटावर लिहायला बसलात, की आधी भूमिकांची यादी करण्याचा मोह होतो. तो आवरा. पहिल्यांदा जन्मतारीख पक्की करा. बालनटाचं काम वयाने ठरायचं. वय दोन वर्षांनी चुकलं की ‘सहाव्या वर्षी पदार्पण’ यासारखं वाक्य कोसळतं, आणि त्याच्या आधाराने लावलेल्या पुढच्या तारखाही चुकतात.

शाळेचा दाखला किंवा जन्मपत्रिका मिळाली तर उत्तम. पत्रिकेत शके असेल तर चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. शके १८३५चा चैत्र १९१३ मध्ये येतो, पण त्याच शकातला माघ १९१४ मध्ये. पौष महिना इंग्रजी वर्षाच्या सांध्यावर येतो, त्यामुळे पौषातली तिथी पंचांगाशी ताडून पाहिल्याशिवाय लिहू नका. सरसकट ७८ मिळवल्याने एक वर्ष हरवणं ही नेहमीची चूक आहे.

मग वही आखा. प्रत्येक प्रयोगाची वा चित्रपटाची एक ओळ: तारीख, गाव, नाट्यगृह, मंडळी (म्हणजे नाटक कंपनी), भूमिका, छापलेलं नाव जसंच्या तसं, आधार, आणि त्या दिवशीचं वय. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. नऊ वर्षांचा मुलगा नायिकेच्या भूमिकेत दिसला तर दचकू नका (केशवराव भोसले लहान वयातच ‘शारदा’ची भूमिका करत), पण आधार दुसऱ्यांदा तपासा.

नावांचा गुंता इथेच सुरू होतो. ‘मास्टर’ म्हणजे लहान मुलगा, असं धरून चालू नका. मास्टर दीनानाथ, मास्टर विठ्ठल, मास्टर विनायक यांच्या नावामागे ‘मास्टर’ मोठेपणीही राहिलं. उलट छोटा गंधर्व या टोपणनावाखाली सौदागर गोरे हे मूळ नाव झाकलं जातं. तेव्हा प्रत्येक नटासाठी नावांची वेगळी चिठ्ठी ठेवा: घरचं नाव, आडनावासह पूर्ण नाव, जाहिरातीतलं नाव, इंग्रजी वृत्तपत्रांतली वेगवेगळी स्पेलिंगं.

आता आवाज. संगीत नाटकातल्या मुलाच्या कारकिर्दीत तेराव्या ते पंधराव्या वर्षाच्या आसपास पोकळी दिसली, तर ‘रंगभूमी सोडली’ असं लगेच लिहू नका. आवाज फुटला की गाण्याच्या भूमिका थांबतात. मुलगा मंडळीतच किरकोळ कामं करत राहिलेला असू शकतो. त्या वर्षांतल्या जाहिराती पाहा, गद्य भूमिकांमध्ये नाव शोधा. मूकपटाला आवाजाचं बंधन नव्हतं, म्हणून पोकळीनंतर नाव पडद्यावर सापडतं का, तेही बघा. शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सुरेखा हरण’मध्ये (१९२१) कृष्ण झाले.

चित्रपटाचं वर्ष लिहिताना प्रदर्शनाची तारीख आणि चित्रीकरणाचा काळ वेगळे ठेवा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात रोहिदास, म्हणजे हरिश्चंद्राचा मुलगा, झालेल्या भालचंद्र फाळके (दादासाहेब फाळक्यांचा मुलगा) यांचं वय त्या तारखेवरून मोजलं तर चित्रीकरणाच्या वेळचं वय मिळत नाही. शिवाय याच कथेवर १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. ‘रोहिदासाची भूमिका केली’ एवढ्यावर चित्रपट ठरवू नका. कृष्ण, प्रल्हाद, ध्रुव, लव-कुश यांचंही तेच.

फिल्म उपलब्ध असेल तर ती जरूर पाहा, पण प्रत कोणती हे आधी विचारा. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा म्हणून दाखवला जाणारा भाग १९१७च्या नव्या आवृत्तीचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. चार वर्षांत मुलाचा चेहरा पार बदलतो. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र चुकवू नये. त्याच्या सुरुवातीला दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी फाळके कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव दाखवते, मग कृष्णाच्या वेषात येते. त्या काळातल्या बालकलाकाराचा अभिनय इतक्या जवळून पाहायला मिळणं दुर्मीळ आहे.

चित्रपटाची लांबी फुटांत दिली असेल तर ३५ मिलिमीटरच्या फिल्मला फुटात १६ चौकटी (फ्रेम) धरा. सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने १००० फूट सुमारे १७ मिनिटं चालतात, २४च्या वेगाने ११. मूकपट २४ने चालवला की मुलं उगाच धावपळ करताना दिसतात. त्यावरून अभिनयाबद्दल मत बनवू नका.

साधनं शोधायला पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथून सुरुवात करा. बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका फार कामाच्या, कारण त्यांत बहुधा भूमिकांची यादी असते. जाहिरातीत मात्र ठरलेला प्रयोग असतो, झालेला नव्हे. प्रयोग झाल्याचा पुरावा परीक्षणातून किंवा बातमीतून घ्या. घरच्यांकडे फोटो मिळाला तर मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेलं गाव तिथेच असतं, आणि गाव कळलं की मंडळीचा तिथला मुक्काम शोधून तारखेपर्यंत पोचता येतं.