यूएसबी कंट्रोलरचं बाइंडिंग लिहायचंय? आधी ड्रायव्हरची फाइल बंद करा

माझा पहिला पॅच परत आला तो एकाच प्रश्नासह: ही प्रॉपर्टी हार्डवेअरमध्ये नक्की कुठे आहे?

लिनक्स कर्नलसाठी एका यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरसोबत मी त्याचं डिव्हाइस ट्री बाइंडिंग, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं याचा करार, पाठवलं होतं. त्यात एक प्रॉपर्टी होती, बफर किती ठेवायचे त्याचा आकडा. प्रश्न आल्यावर मी डेटाशीट पहिल्यापासून वाचली. असा आकडा चिपमध्ये कुठेच नव्हता. ड्रायव्हर लिहिताना मला तो बाहेरून बदलता यावा असं वाटलं होतं, एवढंच. म्हणजे मी हार्डवेअरचं वर्णन करायच्या जागी माझ्या कोडची सोय लिहून ठेवली होती.

नव्याने कर्नलकडे वळणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पेन ड्राइव्ह जोडला की तो आपली ओळख स्वतः सांगतो. पण एसओसीच्या (प्रोसेसर आणि बाकी भाग एकत्र असलेल्या चिपच्या) पोटात बसलेला यूएसबी कंट्रोलर मुका असतो. त्याची रजिस्टर्स कुठल्या पत्त्यावर, इंटरप्ट कुठला, क्लॉक कुठून येतात हे कर्नलला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. ते डिव्हाइस ट्री सांगतं, आणि त्यात काय, कुठल्या नावाने लिहायचं याचा करार म्हणजे बाइंडिंग. मूळ कल्पना ओपन फर्मवेअरची, आयईईई १२७५ या १९९४ च्या मानकातली. एआरएम प्रोसेसरच्या जगात दर बोर्डामागे वेगळी सी फाइल असा पसारा वाढल्यावर २०११ च्या सुमारास तिकडेही तिचा जोर झाला.

हा करार लिनक्सपुरता नसतो. तेच वर्णन यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम वाचते. शिवाय बोर्ड एकदा बाजारात गेला की त्यातलं डिव्हाइस ट्री वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, आणि वर कर्नल मात्र नवा येतो. म्हणून एकदा घातलेली प्रॉपर्टी सहज काढता येत नाही. माझा बफरचा आकडा आत गेला असता तर तो कुणीतरी कायम सांभाळत बसलं असतं. तो नाकारला गेला याचं मला आज मनापासून समाधान आहे.

मग सेटिंग कुठलं आणि हार्डवेअर कुठलं, हे ओळखायचं कसं? डीआर_मोड ही प्रॉपर्टी घ्या, कंट्रोलरची भूमिका सांगणारी. होस्ट, पेरिफेरल किंवा ओटीजी (दोन्ही भूमिका) अशा तीन किमती. दिसायला हे सेटिंगच वाटतं. पण बोर्डावर नुसतं टाइप-ए सॉकेट असेल आणि ते होस्ट म्हणूनच जोडलेलं असेल, तर ‘होस्ट’ हे त्या बोर्डाचं सत्य आहे. मॅक्सिमम-स्पीडचंही तसंच. कंट्रोलर ५ जीबीपीएसचा असला तरी बोर्डावर फक्त यूएसबी २.० च्या तारा काढल्या असतील, तर ‘हाय-स्पीड’, म्हणजे ४८० एमबीपीएस, असंच लिहायचं. मी स्वतःला आता एकच विचारतो: ड्रायव्हर नव्याने लिहिला तरी ही गोष्ट खरी राहील का? राहत असेल तर ती बाइंडिंगमध्ये, नाहीतर नाही. या दोन्ही प्रॉपर्टी सामायिक यूएसबी स्कीमांमध्ये, म्हणजे बाइंडिंगचे नियम लिहिलेल्या यामल फाइलींमध्ये, आधीच आहेत. त्या पुन्हा लिहायच्या नाहीत, संदर्भ द्यायचा आणि शेवटी ‘अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज: फॉल्स’ लिहायचं, म्हणजे नियमांत नसलेली प्रॉपर्टी चालत नाही.

ड्रायव्हर चिप ज्या नावाने ओळखतो ते कंपॅटिबल या प्रॉपर्टीत असतं. त्या नावात अंकाच्या जागी एक्स घालून सगळं चिप कुटुंब एका ओळीत बसवायचा मोह आवरा. प्रत्येक एसओसीला स्वतःचं नाव द्या आणि मागे जुन्या, जुळणाऱ्या चिपचं नाव फॉलबॅक म्हणून ठेवा. पुढे एकाच चिपमध्ये दोष सापडला, तर ड्रायव्हर तिला नावावरून वेगळं ओळखतो. बोर्डावरच्या डिव्हाइस ट्रीला हात लावावा लागत नाही.

सगळ्यात जास्त शिकलो ते एक जुनी मजकूर फाइल यामल स्कीमात बदलताना. जुन्या फाइलीत दोन क्लॉक लिहिले होते. बोर्डांच्या फाइलींत कुठे दोन, कुठे तीन, आणि क्रमही वेगळा. डीटीबीएस_चेक (बोर्डांच्या फाइली स्कीमाशी ताडून पाहणारी तपासणी) चालवला की इशाऱ्यांची रांग. स्कीमा सैल करून ते इशारे गप्प करता आले असते. तसं करू नका. गिटचा इतिहास पाहा, डेटाशीट पाहा. बोर्डाची फाइल चुकली असेल तर ती दुरुस्त करा. जुना मजकूरच अपुरा असेल तर स्कीमात भर घाला आणि कमिट मेसेजमध्ये ते कारणासह स्पष्ट लिहा. तपासणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

बाकी गोष्टी सवयीच्या. पायथनच्या पिपने डीटीस्कीमा हे तपासणीचं साधन बसवा, पाठवण्याआधी स्कीमा तपासणारा डीटी_बाइंडिंग_चेक चालवा. यामलमध्ये टॅब चालत नाही. बाइंडिंगचा पॅच वेगळा, आणि मालिकेत ड्रायव्हरच्या आधी. नव्या फाइलीला जीपीएल २ आणि बीएसडी २-क्लॉज असा दुहेरी परवाना देतात, कारण ती कर्नलबाहेरही वापरली जाते.

सुरुवात करायची तर बाइंडिंग्जच्या फोल्डरमध्ये उरलेली एखादी मजकूर फाइल घ्या, पण जिच्या बोर्डाची फाइल कर्नलच्या सोर्समध्ये आहे अशीच. नाहीतर तुमची स्कीमा पडताळायला काहीच हाती नसतं. त्या बोर्डाचा सर्किट डायग्राम मिळाला तर तो शेजारी उघडून बसा.