बेलोरा ते बिरसी : अंतर बघा, पण उड्डाणाच्या वेळेवर विसंबू नका

अमरावतीच्या बेलोरा विमानतळापासून गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंतचं अंतर नेटवर टाकलं की साधारण २८० किलोमीटर दिसतं आणि उड्डाणाची वेळ अर्ध्या-पाऊण तासाची. वाचून जीव हरखतो. पण हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं असतं, आणि त्या रेघेवर विमान धावतंच असं नाही. दोन विमानतळ दिले की संकेतस्थळ भागाकार करून मोकळं होतं. म्हणून आधी तारीख टाकून तिकीट मिळतं का ते बघा.

अंदाज घरीही काढता येतो. आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांवर येणारं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. किलोमीटरला ५०० ने भागा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी २०-२५ मिनिटं वाढवा. अंतर सागरी मैलात दिलं असेल, तर आधी १.८५२ ने गुणा. इथंच बरेच जण फसतात.

त्यात गावाहून विमानतळ गाठणं आणि तासभर आधीची हजेरी धरा. बेलोऱ्याहून मुंबईला जायचं तर हा हिशेब परवडतो. गोंदियाला मात्र बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस थेट जाते, रुळांवरून जेमतेम ३०० किलोमीटर. डबा सोबत घ्या, खिडकी मिळाली तर उत्तमच.