अडलेला इंग्रजी शब्द तोंडात कसा बसवावा

दुर्मिळ इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करू नका. महिन्याभरात त्यातलं काही उरत नाही. वाचताना जो शब्द अडला तोच घ्या आणि अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा.

अर्थ बघताना व्युत्पत्तीही वाचा. 'पेट्रिकॉर' म्हणजे कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की सुटणारा गंध. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली हा शब्द घडवला. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे खडक आणि 'आयकॉर' म्हणजे देवांच्या अंगातून वाहणारा द्रव. एवढं कळलं की शब्द पक्का बसतो.

एकाच कोशावर विसंबू नका. १९३४ च्या वेबस्टर कोशात 'डोर्ड' म्हणजे घनता असा मुळात नसलेलाच शब्द छापला गेला. चिठ्ठीवर घनतेचं लघुरूप म्हणून 'D or d' (मोठा किंवा लहान डी) लिहिलं होतं, ते कुणीतरी सलग वाचलं.

आता उच्चार. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. 'देवनागरीत लिहून ठेवा, झालं' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धवट आहे. अतिशयोक्तीसाठीचा 'हायपर्बली' हा शब्द मी वहीत नीट लिहून घेतला होता, तरी भाषणात म्हटला तेव्हा समोरच्यांना कळलाच नाही. चारही सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, मी मराठीच्या सवयीने सारख्याच वजनाने म्हटले होते. जोर दुसऱ्यावर, 'प'वर हवा होता. इंग्रजी कान आधी हा जोर, म्हणजे आघात, टिपतो. तो चुकला तर बाकीचे ध्वनी बरोबर असूनही उपयोग होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सिलॅबल मोजा, मग आघात शोधा, ध्वनी शेवटी. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. जोर हलला की मागे राहिलेला स्वर बहुधा विरघळून आखूड 'अ' होतो. 'फोटोग्राफर' प्रत्यक्षात 'फटॉग्रफर'च्या जवळ जातो. हा आखूड 'अ' आपल्याला आयता येतो. फक्त स्पेलिंगमधला 'ओ' दिसला की तो पुरा म्हणायचा मोह आवरा.

एक सापळा सांगतो, माझे कितीतरी शब्द त्यात चुकले. कोशात उच्चार दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत (IPA) आघाताची उभी रेघ जोराच्या सिलॅबलच्या आधी, वरच्या बाजूला असते. काही अमेरिकी कोशांत मात्र ती खूण सिलॅबलनंतर येते. कोशाच्या सुरुवातीचं खुणांचं पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

देवनागरी टिपण जरूर ठेवा, पण जोराच्या सिलॅबलखाली ठळक रेघ मारा. आपली लिपीही सगळं सांगत नाही: 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला सारखेच, पण दोन्हींतला 'ज' वेगळा.

स्पेलिंगवरून अंदाज तर मुळीच बांधू नका. 'शिधा' या अर्थाच्या 'victuals' शब्दात मध्ये 'सी' लिहितात, उच्चार मात्र 'व्हिटल्झ'. तो शब्द फ्रेंचमधून 'सी'शिवाय आला. पुढे विद्वानांनी लॅटिनकडे बघून ते अक्षर घुसवलं, बोलणाऱ्यांनी ते कधी घेतलंच नाही.

मग ध्वनिफीत ऐका आणि वहीतलं मूळ वाक्य, जोराच्या जागी टेबलावर बोट आपटत, मोठ्याने म्हणा. सुटा शब्द घोकून वाक्यात येत नाही. दोन कोशांत दोन उच्चार दिसले तर गडबडू नका. कुणी 'पेट्रिकॉर' म्हणतं, कुणी 'पेट्रायकॉर'. जोर दोन्हींत पहिल्याच सिलॅबलवर.