ईएसआयच्या आजारपणाचे पैसे: एकट्याने मूल वाढवणाऱ्यांसाठी तयारीची यादी

ईएसआय म्हणजे कामगारांची राज्य विमा योजना; आजारपणात काम बुडालं तर ती पगाराचा काही भाग देते. ही यादी तब्येत ठणठणीत असताना वाचायची आहे. अंगात ताप, मुलाचा डबा व्हायचा बाकी, अशा वेळी आयपी नंबर (ईएसआयचा आपला विमा क्रमांक) शोधायला कुणाला सुचत नाही. दोघं कमावणारे असले की एकाची खाडा-रजा निभावून जाते. एकट्या बाईच्या किंवा एकट्या बापाच्या घरात तसं होत नाही, म्हणून कागद आधी जमवायचे.

सुरुवात पगाराच्या चिठ्ठीपासून. त्यावर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसते का ते बघा; मालकाने वर ३.२५ टक्के भरायचे असतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे या योजनेत येतात. कपात दिसली म्हणजे भरणा झालाच असं धरू नका, विशेषतः ठेकेदाराकडे असाल तर. आपल्या आयपी नंबरने ईएसआयच्या साइटवर लॉगिन करा आणि किती दिवस भरलेत ते मोजा. एका सहामाहीत किमान ७८ दिवस लागतात. यातली गोची अशी की आजारी पडलात त्या सहामाहीचे दिवस धरत नाहीत. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलात तर आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर बघतात. जुलै ते डिसेंबरमध्ये पडलात तर त्याआधीचे ऑक्टोबर ते मार्च. नव्याने लागलेल्यांना पैशांसाठी साधारण नऊ महिने थांबावं लागतं. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. नोकरी बदलताना जुनाच नंबर द्या. नवा नंबर काढला की मागची भरणी त्याला जोडलेली राहत नाही, आणि मग निस्तरत बसावं लागतं.

मग नाव. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, ईएसआयच्या कार्डावर तिसरंच, हे घटस्फोटित आणि विधवा बायकांच्या बाबतीत सर्रास दिसतं. तिन्हीकडे एकच नाव करून घ्या. पैसे खात्यात येतात, तेव्हा खातं चालू हवं आणि आयएफएससी आताचा हवा. कार्डावर मुलांची नावं चढवली नसतील तर तीही चढवा; त्यांचा दवाखानाही त्यावरच होतो.

आता हिशेब. सरासरी रोजाच्या, म्हणजे एका दिवसाच्या पगाराच्या, ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस कोरडे जातात. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर दिवसाला ४२०. आठ दिवसांच्या सर्टिफिकेटावर सहा दिवसांचे २,५२० हाती येतात. कामावर रुजू होऊन पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत. ज्या दिवसांची भरपगारी रजा घेतली त्या दिवसांचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. म्हणून ऑफिसने परस्पर पीएल (भरपगारी रजा) टाकली का ते विचारून ठेवा.

सर्टिफिकेट ईएसआयच्या सेवा दवाखान्यातल्या डॉक्टरकडून, पहिल्याच दिवसापासूनचं घ्या. रात्री-अपरात्री खासगी दवाखान्यात जावं लागलं तर तिथली चिठ्ठी, रिपोर्ट, बिलं घेऊन लगेच सेवा दवाखान्यात दाखवा. पुढे दर आठवड्याला जावं लागेल असं धरून चाला. त्या सकाळी मूल कुणाकडे राहणार, हेही याच यादीत लिहा. शेजारच्या काकू, पाळणाघर, शाळेच्या व्हॅनवाल्या दादांचा नंबर. शाळेत मुलाला न्यायला दुसरं कोण येऊ शकतं, त्याची चिठ्ठी आधीच देऊन ठेवा.

आणि इथेच बहुतेकींचा पाय अडकतो. आजारी पडलं की बाई मुलांना घेऊन माहेरी जाते. करणार कोण आहे दुसरं? पण ज्या दवाखान्याचे उपचार चालू आहेत, त्याचा परिसर परवानगीशिवाय सोडायचा नाही अशी अट आहे. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि परवानगी लेखी घ्या. त्यापेक्षा आईलाच इकडे बोलावता आलं तर उत्तम. तसंच, ‘दोन तास येऊन जा’ असा सुपरवायझरचा फोन आला तरी मस्टरवर सही करू नका. घरी शिलाई किंवा डब्यांची कामं घेत असाल तर तीही थांबवा.

टीबी, कॅन्सरसारखं लांबणारं दुखणं निघालं तर वेगळी सोय आहे. ३४ आजारांची यादी आहे, त्यात ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात. त्यासाठी आजारापूर्वी सलग दोन वर्षं नोकरी आणि त्यात १५६ दिवसांची भरणी लागते. ९१ दिवस संपायची वाट न पाहता ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारायला लागा. महाराष्ट्रात असाल तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात द्या. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. तिथे मुलाचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि जोडीदाराचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचे कागद मागतात. झेरॉक्सचे दोन संच काढा.

कामावर परतताना शेवटचं, फिट असल्याचं सर्टिफिकेट घ्या, एक प्रत ऑफिसला देऊन पोच घ्या, आणि दावा ऑनलाइन किंवा शाखा कार्यालयात भरला का तपासा. पैसे कमी आले तर कुठले दिवस वगळले ते तिथेच विचारा.